चटका बसतो, पण कळत नाही

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या अध्यक्षताईंनी केलेलं हे भाषण. सभेनंतर अनेक जणींनी ते लिहून मागितलं, म्हणून जसं बोलल्या तसंच छापतो आहोत. घरच्या माणसाचा विषय असल्यामुळे नाव छापलेलं नाही.)



मला भाषण येत नाही. आजवर मी गटाचा अहवाल वाचला असेल तेवढाच. पण कार्यालयातल्या ताई म्हणाल्या, तुमच्या जावेचं जे झालं ते सगळ्यांना सांगा. मी जावेला विचारलं, सांगू का गं? ती म्हणाली, "सांगा अक्का, पण ताटाचंही सांगा." तेव्हा ताटाचंही सांगणार आहे. ते मला जड जाईल, पण सांगते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी जाऊ तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. दोन लेकरं, पदरात गटातून घेतलेल्या कर्जाची शिलाई मशीन. पंधरा हजारांचं कर्ज. हप्ता एकदाही चुकला नव्हता तिचा. एक दिवस सकाळी ती चुलीपाशी भाकरी करत होती आणि मी शेजारी भाजी चिरत होते. मला वास आला. भाकरी करपली म्हणून मी मान वर केली, तर भाकरी नव्हती, तिचं बोट होतं. तव्याला टेकलेलं. आणि ती लेकराशी बोलत होती. हात काढला नाही, हाय केलं नाही. मी ओरडले तेव्हा तिनं खाली बघितलं.

त्या दिवशी आम्ही हसलो. "लक्ष कुठं असतं तुझं," असं मीच म्हणाले. हळद-तेल लावलं आणि विसरलो.

मग मागचं आठवून बघितलं तेव्हा कळलं की खुणा आधीपासून होत्या. चहाचा उकळता गंज ती फडक्याशिवाय उचलायची. आम्हाला वाटायचं, कामाचा हात आहे, टणक आहे. खोकला आला की मानेच्या मागं, डोक्याच्या खालच्या अंगाला सणक जायची, दोन मिनिटं डोकं धरून बसायची. हसली तरी, शिंकली तरी, पाण्याचा हंडा उचलला तरी तेच. नंतर सुईत दोरा ओवता येईना. शर्टाचं बटण लावता येईना. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसाचा उंचवटा असतो ना, तो उजव्या हाताचा बसून गेला, खड्डा पडला. शिवणकाम बंद झालं. हप्ता थकला. गटात कुजबुज सुरू झाली, "कर्ज बुडवायचं म्हणून नाटक करते." ही कुजबुज आपल्याच गटातली, बरं का. बाहेरची नाही.

आता पुढचं दीड वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या घरी असंच होतं.

आधी मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या. मग सासूबाईंनी देवऋषी बघितला. त्यानं करणी सांगितली, कोंबडं गेलं, पैसे गेले. मग हाताला तिसरा फोड आला, तो चिघळला, आणि गावात एक शब्द फिरला. कुष्ठरोग.

इथं मी आशाताईंची बाजू सांगते. त्यांनी गवगवा केला नाही. हाताला चटका कळत नाही म्हटल्यावर त्यांनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, आणि ते बरोबरच केलं. बधिरपणा असला की कुष्ठरोगाची तपासणी करायलाच पाहिजे. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधही फुकट, आणि सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी माणूस पूर्ण बरा होतो. डॉक्टरांनी अंगावर चट्टे बघितले, कोपरापाशी नस जाड झाली आहे का ते दाबून बघितलं. काही सापडलं नाही. पुढं जिल्ह्याला पाठवलं, तिथंही सांगितलं, कुष्ठरोग नाही.

पण गावाला "तपासायला नेली होती" एवढंच लक्षात राहिलं. "नाही निघालं" हे कुणी ऐकलं नाही. आणि आता ताटाचं सांगते. मी तिचं ताट वेगळं केलं. ताट, वाटी, पेला. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझ्या लेकरांना तिच्या हातचं खाऊ देईना. चार महिने. ती काही बोलली नाही. आपलं ताट आपणच घासून वेगळ्या फळीवर ठेवायची. गटाच्या सभेत मी "महिला सक्षमीकरण" वर बोलत होते आणि घरात हे करत होते. तिला कुष्ठरोग असता तरी ते चूकच होतं, कारण औषध सुरू झालं की तो पसरत नाही, आणि एका ताटात जेवून तर तो होतच नाही. हे मला नंतर कळलं. पण माणुसकी कळायला डॉक्टर लागतो का? असो.

कुष्ठरोग नाही म्हटल्यावर मग काय? हे कुणी सांगेना. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढला. "मणक्यात गॅप आहे," म्हणाले. मानेला पट्टा, शेक, गोळ्या. आठ महिने. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका हाडवैद्याकडे नेलं. त्यानं मान धरून कडकन झटका दिला. त्या रात्रीपासून तिचे पाय अडखळायला लागले. अंधारात भिंत धरून चालायची. तायांनो, मानदुखीबरोबर हाताला बधिरपणा असेल तर मान कुणाच्या हातात देऊ नका. मालिशवाला असो नाहीतर हाडवैद्य. ही एक गोष्ट आज घरी घेऊन जा.

रस्ता सापडला तो ग्रामीण रुग्णालयात. तिथं एक नवीन डॉक्टर बाई आल्या होत्या, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी घाई केली नाही. जावेला डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा हाताला लावला, "कळतं का?" ती म्हणाली, "कळतं." मग दोन बाटल्या आणल्या, एकात गरम पाणी, एकात गार. एकेक हाताला, दंडाला, खांद्याला लावली. "गरम की गार?" तिला सांगता येईना. दोन्ही सारखंच. पायाला लावलं तर लगेच सांगितलं. मग त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पाय जास्तच उडाला.

डॉक्टर बाईंनी आम्हाला तिथंच सांगितलं, "हात लावलेला कळतो, पण गरम-गार कळत नाही आणि टोचलेलं दुखत नाही. असं असलं की दोष हातात नसतो, मज्जारज्जूत असू शकतो. मला शंका आहे. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, आतली दोरी दिसत नाही. एमआरआय लागेल, आणि न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जनना दाखवायला लागेल." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीवर त्यांनी काय काय तपासलं, काय सापडलं आणि कशाची शंका आहे, सगळं लिहिलं होतं. पुढं प्रत्येक दारात ती चिठ्ठीच कामाला आली.

पैसे नव्हते. मी गटाची तातडीची बैठक लावली. खरं सांगते, पोटात गोळा होता, कारण तिचा मशीनचा हप्ता अजून थकलेला होता. पण मी सगळं सांगितलं, बाटल्यांचं सुद्धा. जी ताई "नाटक करते" म्हणाली होती, तिनंच पहिला हात वर केला, "अंतर्गत कर्ज द्या." थोडे ग्रामसंघाकडच्या व्हीआरएफमधून मिळाले. सावकाराच्या दारात जावं लागलं नाही.

एमआरआयमध्ये आजार निघाला. नाव मी पाठ केलंय, सिरिंगोमायेलिया. आणि त्याचं मूळ होतं किआरी नावाचा दोष. घाबरू नका नावाला. मला डॉक्टरांनी जसं समजावलं तसं सांगते.

आपल्या मेंदूपासून पाठीच्या कण्यातून एक दोरी खाली येते, ती मज्जारज्जू. मेंदूभोवती आणि या दोरीभोवती पाण्यासारखा द्रव असतो, तो वर-खाली फिरत असतो. कवटीच्या तळाला एक मोठं भोक असतं, तिथून दोरी खाली उतरते. काही माणसांचा लहान मेंदू, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा भाग, त्या भोकातून थोडा खाली सरकलेला असतो. बाटलीच्या तोंडाला बूच बसावं तसा. मग पाण्याची वाट अडते. खोकलं, शिंकलं की दाब वाढतो आणि मागं डोक्यात सणक जाते. आणि वाट अडल्यामुळे हळूहळू दोरीच्या मधोमध पाण्याची पोकळी तयार होते. वाळलेली बोरू जशी आतून पोकळ असते, तशी.

आता गरम-गार आणि दुखणं सांगणारे तंतू दोरीच्या बरोबर मधून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. पोकळी मधे झाली की पहिल्यांदा तेच तुटतात. स्पर्शाचे तंतू दोरीच्या मागच्या अंगानं जातात, ते वाचतात. म्हणून पदर लागलेला कळतो आणि तवा लागलेला कळत नाही. पोकळी मोठी झाली की हाताची ताकद जाते, मांस झडतं. आणखी वाढली की पाय ताठ होतात, चाल बिघडते, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. लहान मुलांत कधी पाठीचा कणा एका बाजूला वाकतो, तीच पहिली खूण असते.

किआरी हे एक कारण. मणक्याला मोठा मार लागणं, मेंदूच्या आवरणाचा क्षयासारखा आजार होऊन गेलेला असणं, दोरीतली गाठ, ही दुसरी कारणं. म्हणून नुसती पोकळी सापडून भागत नाही, ती कशामुळे झाली हे शोधायला लागतं. आमच्या वेळी डॉक्टर बाईंनी चिठ्ठीत "मान आणि पूर्ण पाठ, कवटीच्या सांध्यासह" असं लिहिलं होतं. नाहीतर कमरेचाच एमआरआय काढून आणणारी माणसं मी तिथं बघितली, आणि पुन्हा पैसे भरताना बघितली.

आता मुख्य विषयाकडे येते. अशा आजाराचा योग्य डॉक्टर कसा शोधायचा? आम्हाला दीड वर्ष लागलं. तुम्हाला लागू नये.

पहिलं, कोणता डॉक्टर कशाचा हे समजून घ्या. हाडांचे डॉक्टर वेगळे, त्यांच्या पाटीवर ऑर्थो लिहिलेलं असतं. न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेचे आजार ओळखणारे आणि औषधानं उपचार करणारे, त्यांची पदवी डीएम न्यूरोलॉजी. न्यूरोसर्जन म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचं ऑपरेशन करणारे, पदवी एम.सीएच. न्यूरोसर्जरी. काहींची पदवी डीएनबी असते, तीही चालते. आमच्या जावेच्या आजारात ऑपरेशन लागेल की नाही हे न्यूरोसर्जन ठरवतात. पाटी वाचायला लाजू नका. नाही वाचता आलं तर लेकीला वाचायला सांगा.

दुसरं, पायरी सोडू नका, पण एका पायरीवर बसूनही राहू नका. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि मग शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. प्रत्येक पायरीवर चिठ्ठी मागा. उपकेंद्रातल्या सीएचओ ताई ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी मोबाइलवर बोलणं करून देतात. रोग तिथं पूर्ण कळेलच असं नाही, पण कुठं जायचं हे कळू शकतं. औषध दीड-दोन महिने घेऊनही त्रास वाढतच असेल तर विचारा, "डॉक्टर, हा दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायचा आजार आहे का?" हे विचारणं म्हणजे अपमान नाही.

तिसरं, आपल्या विभागातल्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यूरोसर्जन आहेत का आणि त्यांची ओपीडी कोणत्या वारी असते, हे निघण्याआधी फोन करून विचारा. आम्ही पहिल्या वेळी मंगळवारी पोचलो आणि ओपीडी होती गुरुवारी. दोन रात्री व्हरांड्यात काढल्या. न्यूरोसर्जरीचा विभाग मुंबईत केईएम, जे.जे., सायन, नायर या रुग्णालयांत आहे, पुण्यात ससूनला आहे, नागपूरला शासकीय महाविद्यालयाच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आहे. राज्याबाहेर बंगळुरूचं निम्हान्स हे तर मेंदू आणि मज्जासंस्थेचंच सरकारी रुग्णालय आहे. सगळ्यांनी मुंबई-बंगळुरू गाठायची गरज नसते. जवळ होत असेल तर जवळच बरं, कारण ऑपरेशननंतरही पुन्हा पुन्हा दाखवायला जावं लागतं.

चौथं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरून कागदावर लिहून न्या. आम्ही हे प्रश्न नेले होते:

१. पोकळी कशामुळे झाली?
२. ऑपरेशन आत्ताच करायला पाहिजे की लक्ष ठेवून थांबता येईल?
३. तुम्ही किंवा तुमच्या विभागात असं ऑपरेशन वर्षाला किती होतात?
४. ऑपरेशननं काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही?
५. धोका काय आहे?
६. नाही केलं तर काय होईल?

तिसरा प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळली. डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे सांगितलं. चांगला डॉक्टर या प्रश्नाला रागावत नाही, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही. पोकळी लहान असेल, त्रास नसेल, तर काही वेळा ठरावीक काळानं एमआरआय करून नुसतं लक्ष ठेवतात.

पाचवं, दुसरं मत घ्या. आम्ही आधी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी ऑपरेशनच सांगितलं, ते चूक नव्हतं. पण खर्च सांगितला अडीच लाख, आणि "परवा भरती व्हा." दीर जमीन गहाण टाकायला निघाले होते. मी म्हटलं, पाय घसरत चाललेत हे खरं, पण आठ दिवसांत अजून एका ठिकाणी दाखवू. वैद्यकीय महाविद्यालयातही तेच ऑपरेशन सांगितलं. सल्ला सारखाच मिळाला, म्हणून मनाला धीर आला. आणि खर्चात फरक पडला, तो योजनेमुळे.

सहावं, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. ही २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं सुरू झाली, आता आयुष्मान भारतबरोबर जोडून चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधी त्या टेबलावर जायचं, नंतर भरती. आपला आजार, आपलं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का, हे तिथं विचारायचं. भरती होण्याआधीच्या तपासण्यांचे पैसे कोण देणार तेही विचारायचं. फोनवर माहिती हवी असेल तर १५५३८८ हा नंबर आहे.

आणि इथं आमचं जे अडलं ते ऐका. जावेचं नाव आमच्या रेशनकार्डावरच नव्हतं. लग्नाला दहा वर्षं झाली, दोन लेकरांची नावं चढली होती, आईचं नाव माहेरच्याच कार्डावर. आधारवर माहेरचं आडनाव. ऑपरेशनची तारीख मिळत होती आणि आम्ही तहसीलच्या खिडकीत उभे. तीन आठवडे गेले. तीन आठवड्यांत तिच्या पायाची ताकद आणखी कमी झाली. रोगानं नाही, कागदानं मागं ओढलं. म्हणून आजची माझी एकच मागणी आहे, ती शेवटी सांगते.

ऑपरेशन झालं. डोक्याच्या मागं, मानेच्या वर हाडाचा छोटा तुकडा काढून लहान मेंदूला जागा करून दिली, म्हणजे पाण्याची वाट मोकळी झाली. चारेक तास लागले. बाहेर मी आणि दीर. मी त्या चार तासांत ताटाचाच विचार करत होते. ही उठली नाही तर ते ताट मी कुठं ठेवू?

ती उठली. खोकल्याबरोबरची डोक्याची सणक काही आठवड्यांत गेली. चाल सुधारली, वर्षभरात भिंत सोडली. पण हाताचा बधिरपणा पूर्ण गेला नाही, झडलेलं मांस पूर्ण भरलं नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, "आम्ही आजार पुढं जाणं थांबवू. गेलेलं सगळं परत येईल असं वचन देत नाही." म्हणूनच लवकर जायचं असतं. दीड वर्ष आधी गेलो असतो तर कदाचित ती आज शिवत असती. हे ओझं माझ्यावर आहे, आणि मी ते कुणावर टाकत नाही.

आता घरात ज्यांच्या हातापायाला गरम-गार कळत नाही, त्यांच्यासाठी आम्ही शिकलेल्या चार गोष्टी. गरम भांडं सांडशीशिवाय उचलायचं नाही, सवय असली तरी नाही. अंघोळीचं पाणी ज्या अंगाला कळतं त्या अंगानं बघायचं, नाहीतर घरातल्या दुसऱ्यानं हात घालून बघायचं. रोज रात्री दिव्याखाली हात उलटे-सुलटे करून फोड, चीर, काटा बघायचा, कारण दुखून कळणार नाही. डोक्यावर जड ओझं घ्यायचं नाही. मधुमेहामुळे बधिरपणा असलेल्या तायांनाही यातल्या बऱ्याच गोष्टी लागू आहेत.

आणि वाट बघायची नाही अशा खुणा: पायातली ताकद अचानक जाणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, गिळताना ठसका लागणं, श्वास घ्यायला त्रास होणं. यातलं काही झालं तर सोमवारची ओपीडी बघू नका. १०८ ला फोन करा.

फाइलचं एक सांगते. एक कापडी पिशवी करा. त्यात प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे. एमआरआयच्या फिल्मसोबत सीडी मागून घ्या. फिल्म घडी करू नका, उन्हात ठेवू नका. आणि एका वहीत लिहून ठेवा, कोणता त्रास कधी सुरू झाला. डॉक्टरांकडे आपल्याला पाच मिनिटं मिळतात. पाच मिनिटांत दीड वर्षं सांगायचं तर ते लिहिलेलंच पाहिजे. आपण गटाचं रजिस्टर पैशा-पैशाचं लिहितो, मग शरीराचं का नाही? दशसूत्रीत आरोग्य आहेच की.

हात कायमचा अधू राहिला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, यूडीआयडी कार्ड मिळतं. आम्ही ते काढलं. ते काढताना ती रडली. "म्हणजे मी अपंग झाले का अक्का?" मी म्हटलं, "हात अधू झालाय. तू नाही झालीस."

आज ती आमच्या गटाची कोषाध्यक्ष आहे. मशीन तिनं गटातल्याच एका ताईला दिली आणि दोन्ही कर्जं फेडली. पेनाला जाड दोरा गुंडाळून रजिस्टर लिहिते, अक्षर थोडं वाकडं येतं, हिशेब वाकडा येत नाही. भाकरीही करते, उलथण्यानं उलटते. आणि मी तिच्या ताटात जेवते. पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, "अक्का, वाढा आधी."

आता माझी मागणी. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं रेशनकार्ड आणि आधार घेऊन यायचं. आपलं नाव सासरच्या कार्डावर आहे का, दोन्हीकडं नाव एकसारखं आहे का, एवढं बघायचं. ज्यांचं नसेल त्यांची यादी सीआरपी ताई करतील आणि आपण मिळून तहसीलला जाऊ, दुखणं यायच्या आधी. आणि बैठकीच्या शेवटी बचत मोजून झाली की पाच मिनिटं एवढंच विचारायचं, "कुणाला काही होतंय का?" कुणी सांगितलं की चटका कळत नाही, वस्तू हातातून पडते, खोकलं की मागं डोकं धरतं, तर हसू नका. आम्ही हसलो होतो.

मोठ्या दवाखान्यात एकटीला पाठवू नका. गटातली एक जण बरोबर जाऊ द्या, प्रश्नांचा कागद तिच्या हातात द्या. एकट्या बाईला आत सांगितलेलं बाहेर आल्यावर आठवत नाही, मलाही आठवत नव्हतं.

आणि ताट वेगळं करू नका.

एवढंच सांगायचं होतं. काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.